दामूआण्णांची फळी

"आजोबा, उठा ना. ही फळी काढायची आहे."

म्हातारा उठेना. मांडी घालून, पाठ ताठ करून, कोल्हापूरच्या सोनारगल्लीतल्या, म्हणजे गुजरीतल्या, त्या जुन्या कारखान्याच्या माडीवर तो डाव्या भिंतीला चिकटून बसला होता. त्याच्या आजूबाजूच्या फळ्या निघायला लागल्या होत्या. दोन गडी पहारी हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत होते.

"उठतो," तो म्हणाला. "पण ही फळी वेगळी जाळायची. आधी ही. एकटी."

"का?"

"तुम्ही कुठल्या कंपनीच्या?"

"कंपनीची नाही. कॉलेजची. प्रोजेक्ट आहे माझं."

"कसलं कॉलेज?"

"लक्झरी, रिटेल आणि सस्टेनेबिलिटी."

"मराठीत सांगा की."

"मराठीत म्हणजे... श्रीमंतांना महागाच्या वस्तू कशा विकायच्या आणि तरीही पृथ्वी कशी वाचवायची."

"दोन्ही एकदम?"

"हो."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

त्या कॉलेजात मी कशी पोचले ते आधी सांगते. आम्ही झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, त्यांच्या गटारातला गाळ उपसायचा, तो जाळायचा, कुटायचा, धुवायचा आणि त्यातून कणकण सोनं काढायचं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कोल्हापुरात आम्हाला शाळेतली पोरं 'गटारवाले' म्हणायची. पुढं शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या त्या काचेच्या इमारतीतल्या कॉलेजात गेले, तर पहिल्याच आठवड्यात दस्तूर मॅडमनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. युरोपातली कसलीशी कंपनी कारखान्यातल्या धुळीतून सोनं परत मिळवते. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "धिस इज द फ्यूचर." मला हसावं की बाक उचलून आपटावं ते कळेना. आमच्या घरात तेच केलं तर गटार, आणि टाय लावून केलं तर भविष्य.

शेवटच्या सत्राच्या प्रोजेक्टला मी हट्टानं गुजरीतलीच पेढी निवडली. रत्नाकरशेठच्या पेढीची आता पाच शहरांत दुकानं होती. वडिलांच्या वेळचं खालचं दुकान आणि वरचा हा जुना कारखाना पाडून तिथं त्यांना आलिशान शोरूम करायची होती. मी त्यांच्यापुढं मांडणी केली: ही सागवानी जमीन कचऱ्यात टाकू नका. साठ-सत्तर वर्षं तिच्या फटींत सोन्याचा कीस पडत आलाय. जमीन जाळू, सोनं काढू, आणि शोरूमचा पहिला दागिना त्याच सोन्याचा करू. रत्नाकरशेठ खुर्चीतून उठून उभेच राहिले. "मॅडम, तुम्ही हे करून दाखवा. तुमच्या प्रोजेक्टवर मी सही करतो आणि नोकरीचं पत्रही देतो."

सोनं काढायला माणूस माझ्या घरातच होतं. माझी हौसाआत्या. ती खाली परसात लोखंडी पिंप मांडून, साडीचा काचा मारून तयार होती. मी जिन्यातून तिला हाक मारली.

"आत्या, इथं एक आजोबा फळीवरनं उठत नाहीत."

आत्या धापा टाकत वर आली. दारात थांबली. म्हाताऱ्याला बघितल्यावर तिच्या तोंडातला तंबाखू चघळायचा थांबला. 

"दामूआण्णा?" ती म्हणाली.

"व्हय. तू शंकर झारेकऱ्याची ना? केराची पाटी घेऊन यायचीस."

"तीच." आत्या फळीजवळ आली. "आणि असं काय बसलाय? फळीशी लगीन लागायचंय का? उठा! गुडघं धरतील."

"वेगळी जाळशील?"

"जाळते. माझ्या बापाची आण. उठा."

म्हातारा भिंतीला धरून उठला. आत्यानं पहार स्वतः घेतली, फळी अलगद उचकटली, तिच्या खालची काळी माती खरवडून एका स्वच्छ धडप्यात बांधली. आजूबाजूच्या फटींतलीही झाडून घेतली.  

जिन्यात मी तिचा दंड धरला. "कोण आहेत हे?"

"दामोदर महामुनी. ह्या कारखान्यातला एक नंबरचा कारागीर. ह्याच्या हातची वज्रटीक बघायला बेळगावचं लोक यायचं." ती खाली उतरत बोलत होती. "रत्नाकरशेठच्या बापानं, बापूशेठनं, चोर म्हणून हाकलला. दोन तोळं सोनं कमी भरलं ह्याच्या कामात. एकदम न्हवं, थोडं थोडं करत. पण भरलं न्हाई ते न्हाई. दिवेलागणीला सगळी गुजरी भरलेली असताना दुकानाच्या पायरीवर उभा करून कपडं उतरवलं. केस सोडून विंचरलं. पायाचं तळवं खरवडलं. तोंड उघडून बोटं घातली. मी तिथं पाटी घेऊन उभी. तुझ्याएवढी बी नव्हते."

"मिळालं काही?"

"काय मिळतंय? पण नाव गेलं. परत कुणी कानस हातात दिली न्हाई. बाजारसमितीत हमाली केली ह्या माणसानं. हे हात बघ त्याचं, आणि हमाली."

मग मला कळलं की म्हातारा त्या फळीवर कशासाठी बसला होता. ती त्याची कामाला बसायची जागा. त्या फळीत सोनं निघालं तर तो चोर नव्हता. नाही निघालं, तर जे पायरीवर झालं ते कायमचं खरं ठरणार होतं. त्यानं स्वतःहून हे मागितलं होतं. मी त्याच्या जागी असते तर नसतं मागितलं. संशय तसाच ठेवून मेलेलं बरं.

रत्नाकरशेठ गाडीतून उतरले तेव्हा पिंपात जाळ लागला होता. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, बरोबर शोरूमचं डिझाइन करणारा एक मुलगा. म्हाताऱ्याला बघून शेठचा मोबाइलवाला हात खाली आला.

"हे इथं कशाला?"

"त्यांची फळी जळतीय," आत्या म्हणाली. "बसा शेठ. खुर्ची न्हाई, उलटी बादली हाय."

शेठ बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. दामूआण्णांना काढलं तेव्हा ते कॉलेजात शिकत होते असं आत्यानं मला मागाहून सांगितलं. त्या संध्याकाळी ते दुकानाच्या आतल्या दारात उभे होते.

फळी जळायला वेळ लागतो. सागवान हट्टी असतं. दामूआण्णा परसातल्या तुळशीकट्ट्याला टेकून उभे होते, धूर डोळ्यांत जात होता तरी हलत नव्हते. मी त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला नाही. राख निवली तशी आत्यानं ती मातीबरोबर खलात कुटली, चाळली, आणि लाकडी परातीत घेऊन हौदाशी बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं बाटली काढली.

"आत्या, पारा नको. मी सांगितलंय तुला. त्याची वाफ विषारी असते. माझ्या प्रोजेक्टमध्ये पारा चालणार नाही."

"मग काय फुंकर मारून सोनं काढू?"

"नुसतं धुऊन काढ."

"निम्मा जीव जातोय नुसतं धुवायला."

"आत्या!"

"बरं बाई! पृथ्वी वाचव तू." तिनं बाटली परत खोवली.

मग ती परात हलवायला लागली. हे मी लहानपणापासून हजारदा बघितलेलं. त्या दिवशी बघितलं ते मात्र पहिल्यांदा बघितल्यासारखं. परात अशी फिरायची की पाणी कडेला चढायचं आणि काळा गाळ त्याच्याबरोबर बाहेर जायचा, जड ते मध्ये राहायचं. पुन्हा पाणी, पुन्हा फिरवणं. गाळ काळ्याचा करडा झाला, करड्याचा तपकिरी. शेठ नकळत दोन पावलं पुढं आले. डिझाइनवाल्या मुलानं कॅमेरा काढला होता, तो खाली ठेवला. गडी जिन्यात येऊन बसले. परसाच्या भिंतीवरून शेजारच्या दुकानांतली माणसं डोकावायला लागली. गुजरीत धूर दिसला की माणसं येतातच.

परातीच्या तळाशी एक रेघ उरली. बोटाएवढी, काळपट. पिवळी होती की माझ्या डोळ्यांना वाटत होती, सांगता येत नव्हतं.

"आहे का?" मी विचारलं.

"गप."

तिनं ती रेघ वितळवायच्या मुशीत उतरवली, मळ सुटावा म्हणून सवागी टाकली, निखाऱ्यात मूस बसवली आणि फुंकणीला तोंड लावलं. आत्याचे गाल फुगत होते, गळ्याच्या शिरा ताठ होत होत्या. मुशीत आधी नुसता काळा मळ उकळत होता. घाणेरडा, बुडबुड्यांचा. मला वाटलं, संपलं. दामूआण्णांकडं बघायचं धाडस होईना.

आत्यानं फुंकणी तोंडातून काढली.

मळ कडेला सरकला. खालून काहीतरी गोल, थरथरणारं वर आलं. आधी लाल, मग शेंदरी. मग एका क्षणात ते असं झळकलं की मी मागं सरकले. पिंपातला जाळ त्याच्यापुढं मळका दिसत होता. वर्गात लक्झरीच्या किती व्याख्या पाठ केल्या होत्या मी. त्यातली एकही तेव्हा आठवली नाही.  एवढी वर्षं माणसांच्या पायाखाली, मातीत, अंधारात पडलेलं सोनं, आणि त्याला जराही काही झालेलं नव्हतं. तसंच्या तसं. माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवला की येतो. मी देवळात कधी हात जोडत नाही. तिथं माझे हात आपोआप जोडले गेले.

"आता गं बया," आत्या कुजबुजली. "एका फळीत एवढं?"

शेठ पुढं आले. "एवढं कसं? दुसऱ्या कुणाच्या जागेखाली एवढं पडत नाही. मांडीवर कातडं बांधलेलं असतं, कीस त्यात पडतो."

"उजव्या हातानं कानस चालवली तर पडतो," दामूआण्णा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"मी डावखुरा. बापूशेठना डाव्या हातानं सोन्याला हात लावलेला चालायचा नाही. लक्ष्मी आहे म्हणायचे. ते माडीवर आले की मी उजव्या हातात घ्यायचो. पाठ वळली की डाव्या. बारीक काम मला उजव्यानं जमतच नव्हतं. कातडं, चौरंग, सगळं उजव्यासाठी मांडलेलं. माझा कीस कातड्याच्या बाहेर भिंतीकडं उडायचा. मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाही?" शेठचा आवाज चढला. "त्याच दिवशी फळी उचकटली असती!"

"काय बोलायचं होतं? की शेठ, तुमच्या लक्ष्मीला मी रोज डावा हात लावतोय? चोर म्हणून काढलंत, मग लक्ष्मी भ्रष्टवली म्हणून काढलं असतंत. आणि माझ्या मागनं माझ्या वज्रटीका वितळवल्या असत्यात. त्या तरी राहू देत म्हटलं."

मला त्या क्षणी मेलेल्या बापूशेठला उकरून काढून पायरीवर उभा करावासा वाटला. त्या वज्रटीका बघायला बेळगावहून माणसं यायची, आणि त्या डाव्या हाताच्या होत्या म्हणूनच छान होत्या.

शेठ मात्र शेठच. ते गहिवरले होते, खोटं कशाला बोलू, पण गहिवरता गहिवरता त्यांचं डोकं चालायला लागलं होतं. "मॅडम, ही स्टोरी! ह्याच्यापुढं कुठला ब्रँड टिकेल? दामूआण्णांचा मोठा फोटो शोरूमच्या भिंतीवर. 'परतलेला विश्वास.' फिल्म करू. आण्णा, तुम्हाला जे मानधन पाहिजे ते. हे सोनंसुद्धा तुमचंच, घेऊन जा."

"मला सोनं नको. ते पेढीचं आहे," दामूआण्णा म्हणाले. "फोटो नको. वजन करा."

"कशाला?"

"संध्याकाळी सुटायच्या वेळी करायचे तसं."

मला ही रीत माहीत नव्हती, आत्यानं कानात सांगितली. कारागीर सकाळी तोलून सोनं घ्यायचा आणि संध्याकाळी काम, तुकडे आणि कीस परत तोलून द्यायचा. वजन जुळलं की शेठ पायरीवर उभं राहून त्याचं नाव पुकारायचा आणि म्हणायचा, 'भरलं.' ते ऐकल्याशिवाय कुणी पायात चप्पल घालायचं नाही. दामूआण्णांच्या नावानं ते शेवटच्या संध्याकाळी पुकारलंच गेलं नव्हतं.

दुकानातून तराजू आला. जुना, पितळी. आत्यानं तो मणी चिमट्यानं उचलून पारड्यात ठेवला. दुसऱ्यात शेठनी दोन तोळ्यांचं वजन टाकलं. काटा हलला, थांबला. मण्याचं पारडं किंचित वर राहिलं.

"दोन मासे कमी," आत्या म्हणाली. बारा माशांचा एक तोळा. तिनं ते न बोलायला हवं होतं, पण तराजूपुढं आमच्या घरात कुणाला खोटं बोलता येत नाही.

"असू दे हो," शेठ म्हणाले. "तेवढं माफ. भरलं म्हणतो मी."

"थांबा," दामूआण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा वाढला. "माफ नको."

"अहो, मी तुमच्याच बाजूनं—"

"माफी चोराला असते. मी कशाला माफी घेऊ? कामात घट सगळ्यांची होते. थोडं धुरात जातं, थोडं पाण्यात, थोडं नखात. सगळ्यांची वजा करत होता तुम्ही. माझी पण तशीच वजा करा. वजा करून मग भरलं म्हणा."

तराजू शेठच्या हातात तसाच लटकत होता. मी त्या म्हाताऱ्याकडं बघत होते. आयुष्यभर हमाली केलेला माणूस फुकट मिळालेली दोन माशांची दया परत करत होता. त्याला दया नको होती. बाकीच्यांना मिळायचा तो साधा हिशेब हवा होता, तितकाच, तसाच. माझा राग त्याच्यापुढं पोरकट वाटला.

"घट वजा," शेठ म्हणाले. अगदी हळू.

"इथं न्हाई," आत्या म्हणाली. "पायरीवर चला. आणि मोठ्यानं. तुमचं वडील काय कानात बोलले नव्हते."

शेठ पुढच्या दारानं पायरीवर गेले. आम्ही मागं. गुजरीत दुपारची गर्दी होती, दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी राहिली होती. शेठनी घसा साफ केला.  

"दामोदर महामुनी! घट वजा जाता... भरलं!"

दामूआण्णांनी चप्पल पायात घातली. नमस्कार नाही, आभार नाही. पायऱ्या उतरून ते गुजरीच्या मधोमध चालत गेले. माणसं बाजूला होत गेली. समोरच्या दुकानातला एक म्हातारा कारागीर बसल्या जागी उभा राहिला. मग दुसरा.

शेठनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडं वळले. "झालं. आता बाकीची सगळी जमीन एकदम पिंपात घाला. शनिवारपर्यंत मला सोनं हवंय."

"थांबा जरा," खालून कुणीतरी म्हणालं.

पायरीशी एक म्हातारी उभी होती. फुलवातींची टोपली काखेत. आत्या पुटपुटली, "गोदाक्का. हिच्या मालकाला बी असंच काढलं होतं."

"आमच्या ह्यांची खिडकीकडची," गोदाक्का म्हणाली. "दुसरी फळी. ती पण वेगळी जाळा."

"हे बघा," शेठ म्हणाले, "असं प्रत्येकाचं करत बसलो तर..." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमच्या प्रोजेक्टवर माझी सही व्हायची आहे. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. आईनं गावभर सांगितलं होतं पोरगी मोठ्या कंपनीत लागणार म्हणून. शनिवारही लक्षात होता. मी शेठना म्हटलं, "करू नका सही. माझं प्रोजेक्ट ह्या जमिनीचं आहे, आणि ह्या जमिनीत नावं आहेत." ती सही झाली नाही. पदवी मी वर्षानंतर दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतली आणि लक्झरीत नोकरी कधी केली नाही, ते सोडा. त्या वेळी मी फक्त गड्यांना म्हटलं, "खिडकीकडची दुसरी काढा. जपून."

शेठ गाडीकडं निघाले होते. आत्यानं त्यांना हटकलं. "कुठं निघालात? पुकारायला कोण?"

ते थांबले. का थांबले ते मला आजही सांगता येणार नाही. गुजरी बघत होती म्हणून असेल. ते परत आले आणि ह्या वेळी उलट्या बादलीवर बसले.

फळी खाली आली. पिंपात जाळ वाढवला. आत्यानं काचा पुन्हा खोचला आणि गोदाक्काला विचारलं, "नाव सांग गं. नंतर मोठ्यानं पुकारायचं असतंय."

 गोदाक्कानं पदराचं टोक तोंडावर धरलं. मला आधी कळलं नाही. मग आठवलं, त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात एकदा ओळ जुळवून घेतात, बस्स. तो मेल्यावरही घेत नाहीत.

"लेकाला बोलव," आत्या हळू आवाजात म्हणाली. "तो सांगंल."

"नको." गोदाक्कानं पदर खाली सोडला. जाळाकडं बघत, एकेक अक्षर तोंडात पहिल्यांदाच येत असल्यासारखी, ती म्हणाली, "भास्कर. भास्कर गुंडो वेदपाठक."